वैरागची मोहोर

आदरणीय मल्लिनाथअण्णांची आणि माझी पहिली भेट बोलणी खाऊनच झाली. सोलापुरातल्या नाण्यांच्या एका प्रदर्शनात मी, बँकेतला नवशिका हौशी, सोन्याची मोहोर चिमटीत धरून निरखत होतो. मागून आवाज आला, "कडेनं धरा की. शिक्क्यावर अंगठा ठिवता व्हय?" तेव्हापासून मी त्यांचा शिष्य आहे आणि बोलणी अजून खातो.

अण्णांची तुरीची आडत. घरी कानडी, दुकानात मराठी. संस्थानी मोहरांवरचा मजकूर बहुधा फारसी, म्हणून ऐन चाळिशीत ते शेजारच्या निवृत्त उर्दू गुरुजींपुढे पाटी घेऊन बसले. आज संस्थानांच्या सोन्याच्या नाण्यांबद्दल शंका आली, की जाणकार मंडळी त्यांनाच फोन लावतात, आणि तुरीचा भाव विचारायला आलेले गिऱ्हाईक ताटकळते.

आपल्याकडे मोहरा तिजोरीपेक्षा बायकांच्या गळ्यात जास्त सापडतात. त्यामुळे अण्णांचा एक शिरस्ता आहे. नाणे कोणीही विकायला आणो, ते स्वतः त्या घरी जातात आणि घरच्या बाईने राजीखुशीने हातावर ठेवले, तरच घेतात.

दक्षिणेतल्या एका छोट्या संस्थानाची मोहोर ते उभी हयात शोधत होते. वैरागच्या एका तरुणाने दुकान टाकण्यासाठी नेमकी तीच विकायला काढली. फोटो पाहताच अण्णा उठले. आम्ही दोघे वैरागला गेलो. मुलाच्या आईने, गंगूबाईंनी, चहा दिला, गळ्यातून मोहोर काढली आणि हात पुढे केला. पण मूठ काही उघडेना. मनापासून देताय का, असे अण्णांनी विचारले.

"सासूबाईंनी घातलीया गळ्यात. पर पोराला न्हाय कसं म्हणू?"

"मग ऱ्हाऊ द्या, अक्का," अण्णा म्हणाले. "फक्त चिंचेनं घासू नका."

परतताना मी मनातून चिडलो होतो. अण्णांना वाईट वाटले नाही, असे मी म्हणणार नाही. पुढे त्यांनीच ओळखीने त्या मुलाला बाजारात गाळा मिळवून दिला. दुकान झकास चालले आहे.

पंचाहत्तरीच्या या मंगलप्रसंगी अण्णांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, त्यांची नजर आणि जीभ अशीच तिखट राहो, संग्रह वाढत जावो. ती एक मोहोर मात्र त्यांना कधीच न मिळो. कारण ती मिळायची, तर गंगूबाईंच्या घराला पुन्हा नड यावी लागेल. हे अशुभ बोलणे वाटू नये. अण्णांना विचारूनच लिहिले आहे.