हात वर केला की थांबायचं
गवती चहाचा वास आला की मला चहा आठवत नाही, डास चावू नयेत म्हणून अंगाला चोळलेलं ते तेल आठवतं आणि पुलाउ उबीन बेटावरची एक दमट सकाळ. दहा-बारा वर्षं झाली असतील. नवरा नुकताच आफ्रिकेहून परतला होता. स्वतःला ओळखायचं म्हणून तिथल्या जंगलात वाटाड्यासोबत आठवडाभर पायी फिरून आला होता, आणि आल्यापासून टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यासारखा वावरत होता. "तिकडे कसं चालतात ते दाखवतो," म्हणाला, म्हणून आम्ही होडीने शहराजवळच्या त्या बेटावर गेलो. एकामागोमाग एक चालायचं, कुणी बोलायचं नाही, पुढच्याने हात वर केला की थांबायचं. पुढे तो, मध्ये आठ वर्षांची लेक, मागे मी. आभाळ भरलेलं, रबराच्या झाडांखाली कुजक्या पानांचा वास, पाठीला चिकटलेले कपडे. अचानक त्याने हात वर केला. समोरून एक रानडुकरीण पिल्लं घेऊन वाट ओलांडून गेली. ती दिसेनाशी झाली तरी त्याचा हात खाली येईना. मग मागे न वळताच तो म्हणाला, "तिकडे एक कळलं. मला एकट्याने राहायचंय. पुढच्या महिन्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्लेमेंटीला खोली घेतोय." लेकीने वळून माझ्याकडे पाहिलं. "आई, पप्पा जोकिंग ओन्ली, राइट?" मी ओठांवर बोट ठेवलं. रांगेत बोलायचं नव्हतं ना. आता ती मोठी झाली आहे, माझ्याशी सगळं बोलते; तेवढा एक प्रश्न मात्र तिने पुन्हा कधी विचारला नाही.