बारीक माणसाचा डबा

मधुकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचाच डबा भरत होतो. सकाळचे साडेदहा वाजले असतील. परदेशातल्या या न्यू लिन उपनगरात ज्या हॉटेलात मी स्वयंपाकी आहे, तिथे काकांच्या शेजारच्या बाईंचा फोन आला. काका अंगणात पडलेले दिसले, अ‍ॅम्ब्युलन्स आली, पण हृदय आधीच थांबलं होतं. इंग्रजी मला अजून तुटकच कळतं, तेवढं मात्र कळलं. समोरच्या डब्यात दोन डिंकाचे लाडू होते... त्या लाडवांबद्दल सांगितल्याशिवाय मला काकांबद्दल काही लिहिता येणार नाही.

मी नववीत शाळा सोडली. कराडकडे लग्नाच्या पंगती रांधायचो. ज्या मालकानं मला इथे आणलं, तो वर्षभरात धंदा विकून मोकळा झाला आणि त्या नोकरीवर मिळालेला माझा व्हिसा जायची वेळ आली. काका पुण्याचे, रिटायर झालेले इंजिनिअर. आमच्या तेव्हाच्या हॉटेलात जेवायला यायचे, एवढीच ओळख. पण त्यांनी ओळीनं पाच रविवार मला घरी बसवून नव्या नोकरीचे, व्हिसाचे सगळे अर्ज भरून दिले. "दत्ता, घाबरतोस किती? कागद आहे, चावत नाही," म्हणायचे. मी या देशात टिकलो तो त्यांच्यामुळे. आता माझ्यासारख्यानं उपकार फेडायचे कसे? मला एकच येतं, खाऊ घालणं. त्यामुळे काकी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या तेव्हा काकांचा डबा मी हक्कानं मागून घेतला.

काका काडीसारखे बारीक, आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान. रक्ताचा आणि पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घ्यायला त्यांनी मला सोबत नेलं, ते जाताना सुद्धा माझ्या पोटावर टिचकी मारून हसत होते. दवाखान्यातली नर्स सीना, सामोआ बेटांवरची, चांगली उंच आणि भरभक्कम. "किया ओरा" असा इथल्या पद्धतीचा नमस्कार करत तिनं बसवलं आणि सांगितलं, साखर खूप वाढली आहे, लिव्हरमध्ये चरबी साठली आहे. काका म्हणाले, "सिस्टर, फाइल कुणाची तरी दुसऱ्याची आली. माझं वजन बघा." सीना हसली. "चरबी म्हटलं की सगळे आधी माझ्याकडेच बघतात. माझं लिव्हर तपासलंय, तुमच्यापेक्षा बरं निघालं." मग गंभीर झाली. आमच्या बेटांवरच्या लोकांतही साखर घरोघरी आहे, म्हणाली, पण तुम्हा भारतीयांचं वेगळंच; अंगावर काही दिसत नाही, वजन कमी असतानाच चरबी लिव्हरमध्ये जाऊन बसते, आणि इन्सुलिन तयार करायची ताकदही लवकर कमी पडते. काकांनी सगळं मला मराठीत समजावलं, जणू तो आजार माझाच होता. बाहेर आल्यावर म्हणाले, "काकीला बोलायचं नाही हं. बाळ-बाळंतीण सोडून धावत येईल. आली की मीच सांगतो." मी मान हलवली. ज्यांनी मला इथे ठेवलं, त्यांना नाही कसं म्हणायचं?

पुढच्या तारखेला ते गेलेच नाहीत. दवाखान्यानं दिलेल्या गोळ्यांचं विचारलं की "चालू आहेत रे" म्हणायचे. पँट घसरायला लागली तेव्हा तंदूरच्या सळईनं त्यांच्या पट्ट्याला नवं भोक मीच पाडलं. रविवारी काकींचा व्हिडिओ कॉल असायचा. एका रविवारी काकांना बघून त्या म्हणाल्या, "अहो, केवढे वाळलात! दत्ता, काय करतोयस तू? तूप वाढत जा जरा. लाडू दे." काका फोनच्या पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, काकी, त्यांना साखर आहे... "देतो काकी," एवढंच तोंडातून गेलं. आणि मी खरंच दिले. माणूस खंगत होता साखरेनं, आणि मी त्याला वाळला म्हणून गोड वाढत होतो. खोटं कशाला बोलू, मलाही मनातून वाटायचं, एवढ्या बारीक माणसाला दोन लाडवांनी काय होणार?

काकी पुण्याहून परत आल्या, आणि दिवसकार्य झाल्यावर त्यांनी मला टेबलाशी बसवलं. "यांच्या साखरेचं तुला माहीत होतं?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. बराच वेळ त्या टेबलावरचा कपडा सारखा करत राहिल्या. मग काकांच्या खोलीतून एक छोटी पेटी घेऊन आल्या, साखर तपासायच्या मशीनची. दवाखान्यातून मिळालेली, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. "कसं वापरायचं हे?" मी म्हटलं, सीनानं दाखवलं होतं तेव्हा मी बघितलंय. "मग दाखव." त्यांचं बोट धरायचं मला धाडस झालं नाही, मी माझ्याच बोटाला सुई टोचली. आकडा आला तो त्यांनी चष्मा लावून वाचला, कॅलेंडरवर लिहिला आणि म्हणाल्या, "आता तू माझ्यावर दाखव."

आता मी दर रविवारी जातो. काकांच्या टेबलावर ती पेटी उघडी असते. आधी आम्ही दोघांची साखर तपासतो, मग चहा.  काकी माझ्यावर रागावल्या आहेत का, हे विचारायला मला अजून जमत नाही... मी आपला हात पुढे करतो.