पावणेसात पटीचा घोळ

हिंगण्याकडच्या एका कॉलेजात एकोणतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवल्यावर गिरिधर भोयर सरांनी पन्नाशी उलटून पीएचडीचं खूळ डोक्यात घेतलं. "नातू खेळवायच्या वयात हे काय करून राहिले तुम्ही?" असं बायको वच्छला म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन पोळ्या जास्त भरू लागली.

काम असं, की रेणूतल्या दोन अणूंच्या मध्ये इलेक्ट्रॉनांची दाटी किती, ते संगणकावर काढायचं. सरांचा आकडा आला ०.२६. त्याच रेणूचा क्ष-किरणांनी मोजलेला, छापून आलेला आकडा होता १.७५. झालं! आठ महिने सर तेच गणित उलटंपालटं करत बसले, पण उत्तर जागचं हलेना. सोमवारी मार्गदर्शक बाईंना आकडे जुळवून दाखवले नाहीत, तर ते प्रकरण प्रबंधातून बाद आणि आणखी एक वर्ष पाण्यात.

संशोधन-कक्षात शेजारच्याच टेबलावर मिनल बसायची, तीही पीएचडीच करत होती. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ती पडली सरांचीच बीएस्सीची विद्यार्थिनी. एकक लिहिलं नाही म्हणून तिचे दोन गुण कापणारे सर तिच्यापुढे पाटी घेऊन कसे बसणार? जीव काही धजेना.

शुक्रवारी मात्र पाणी नाकाशी आलं. सरांनी वही तिच्यापुढे सरकवली. "पाहून दे वं जरा."

मिनलनं पान पाहिलं. "सर, एकक काहून नाही लिहिलं?"

"संगणकानं जे देल्लं, ते लिहिलं."

"तो अणूच्या मापानं मोजते, सर. हायड्रोजनच्या त्रिज्येत. क्ष-किरणवाले अँगस्ट्रॉममध्ये मोजतात. ही त्रिज्या अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या जराशी वर आहे. दाटी घनमापातली, म्हणून तिचा घन घेऊन भागा."

सरांनी भागलं. उत्तर बरोब्बर पावणेसात पट झालं, १.७५! सरांचे कान लाल झाले, पण जीव असा हलका झाला की ते बराच वेळ नुसते हसत बसले.

"म्हणजे माझं उत्तर पहिल्या दिवसापासून बरोबर होतं?"

"हो, सर."

"मग आठ महिने मी काय करून राहिलो होतो?"

"मले विचारायचं टाळून राहिले होते."

सरांनी आपली खुर्ची उचलली, तिच्या टेबलाशी आणून ठेवली आणि पुढचा रेणू उघडला.