वाटीतली मुलतानी माती

मुलतानी मातीत गुलाबपाणी घातलं की बघता बघता तिचा मऊ लगदा होतो. त्यात चिमूटभर हळद कालवून माझी पंधरा वर्षांची लेक वाटी घेऊन समोर बसली.

"बाबा, तूच लाव ना. मला आरशात बघायचंच नाहीये."

आज वर्गात कुणीतरी तिच्या मुरमांवरून बोललं होतं.

लहानपणी आंघोळीनंतर हा चेहरा मीच पुसायचो. हल्ली ती गालाला हात लावू देत नाही. मुलं मोठी झाली की त्यांना जवळ घ्यायला आईबापांना काहीतरी निमित्त लागतं. मी कपाळावर, नाकावर, हनुवटीवर हलकेच माती पसरत गेलो. मुरमांपाशी बोटं आपोआप आणखी हळू होत होती.

"ही तेलकट त्वचा तुझ्याकडूनच आलीये," ती पुटपुटली.

"नाकही माझंच आहे."

तिने डोळे उघडले, वाटीत उरलेली माती बोटांनी निपटली आणि माझ्या गालांना फासली. "आता वाळेपर्यंत हसायचं नाही हं. भेगा पडतात."

आम्ही दोघं गॅलरीत गंभीर चेहऱ्याने बसून राहिलो. तिच्याकडे न बघण्याचा मी खूप प्रयत्न केला, पण पहिली भेग माझ्याच गालावर पडली.