यमुनाबाईंचा जिना

जुलैचा पहिला रविवार, सकाळचे अकरा. रक्कम पाचशे रुपये. हजर: आमच्या इमारतीच्या संघाचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार म्हणून मी, आणि जिना विद्रूप केल्याबद्दल ज्यांना दंड करायचा होता त्या यमुनाबाई. ठराव चार मिनिटांत झाला. इतिवृत्त मी लिहिलं. त्यातली चूकही माझीच.

यमुनाबाई दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. घराणं तंजावरचं, नोकरी आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून, चौतीस वर्षं. इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेले आराखडे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचे, हे काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुसरंच काम लावून घेतलं. रोज संध्याकाळी सहा ते आठ फोनवर गाणी ऐकायची. नव्या पोरांनी घरच्या घरी केलेली, ज्यांच्यामागे ना सिनेमा ना कंपनी. दिवसाला दहा. वहीत नाव, मिनिटं, शेरा. एखादं मनात राहिलंच तर त्याच्यासाठी वीतभर चौकोनी कागदावर शाईचं चित्र, कोपऱ्यात त्या गाण्याचा क्यूआर कोड, आणि चित्र जिन्यात. जाता-येता फोन धरा आणि ऐका.

मी पुण्याहून आलेला, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात कॉस्टिंग बघणारा. आधी मला त्यांच्या मराठीचंच हसू यायचं. 'सगळे' म्हणायचं तिथे त्या 'अस्के' म्हणत. एकदा फाटकाशी मी सहज म्हणालो, बाई, इतकी गाजलेली गाणी आहेत, ती ऐकवा की. त्या म्हणाल्या, "त्यांना अस्के आहेत. याला कोण आहे, सांगा पाहू."

बैठकीत अध्यक्षांचं म्हणणं असं की घर बघायला आलेले भाडेकरू जिना पाहून परत जातात. भिंतीला काही चिकटवायचं नाही असा नियम होता, आणि त्याचा मसुदा माझाच. यमुनाबाईंनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "तुम्ही तिघं बघायला आलात कां?" आम्ही तिघंही लिफ्टनं जाणारे. दंड भरणार नाही, असं सांगून त्या कॉफी न घेता उठल्या. संध्याकाळी वॉचमननं चौदा चित्रं उतरवून त्यांच्या दारात ठेवली.

फाटकापुढचं कोलम, म्हणजे इकडची पिठाची रांगोळी, वीस वर्षं त्याच घालत. पुढच्या रविवारी मी दूध आणायला खाली गेलो तर तिथे तांदळाच्या पिठाचे बारीक चौकोन. एका बाजूला पंचवीस, म्हणजे एकूण घरं सहाशे पंचवीस; मी मोजली. क्यूआर कोडच होता. चार-पाच जणांनी फोन धरले, एकाचाही वाचेना. अध्यक्ष गॅलरीतून म्हणाले, "अम्मा, कोलमला नेटवर्क नाही."

यमुनाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि स्वतःशीच हसल्या. "ब्ल्यूप्रिंट झाला की, निळ्यावर पांढऱ्या रेघांचा. काळं पाहिजे तिथे पांढरं." चौतीस वर्षं आराखड्यांत घालवलेल्या बाईची ही चूक. पुढच्या रविवारी त्यांनी पाणी मारून जमीन काळी केली आणि उलटं भरलं: कोडातल्या मोकळ्या घरांत पीठ, काळ्या घरांत नुसती जमीन, भोवती पांढरा पट्टा. पहिल्यांदा वाचला तो दूधवाल्याच्या फोननं. मग दर रविवारी नवं गाणं. नऊपर्यंत मुंग्या अर्धं पीठ घेऊन जात, तेवढाच वेळ.

सचिव थांबवायला गेले. त्यांना म्हणाल्या, "दारापुढचं कोलम पुसायचा ठराव करा. पहिली सही तुमच्या आईची आणा." सचिवांची आई तळमजल्यावर राहते आणि रोज पहाटे कोलम घालते. ठराव आला नाही.

तिसऱ्या रविवारी मी फोन धरला. एन्नूरकडच्या एका मुलीनं बसच्या मागच्या सीटवर बसून रेकॉर्ड केलेलं गाणं होतं. मध्येच कंडक्टरची शिट्टी वाजते, तिथे ती थांबते आणि शिट्टीचाच सूर धरून पुढे जाते. माझ्याआधी एकोणीस जणांनी ऐकलं होतं. मी दुधाच्या पिशव्या हातात धरून तिथेच दोनदा ऐकलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा जिन्यानं वर गेलो, यमुनाबाईंच्या घरी.

त्या गाण्याचं चित्र त्यांच्या टेबलावर होतं. बसच्या खिडकीचे गज, आणि त्यांतल्या एकावर ताल धरलेलं बोट. कागदाच्या वरच्या कडेला सुईची दोन भोकं, त्यांत दोरा. मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी.

"चिकटवलं नव्हतं?"

"ट्रेसिंगला गोंद कोण लावतं? कठड्याला दोरा बांधून लोंबत सोडली होती."

म्हणजे भिंतीला कागद लागलाच नव्हता, आणि इतिवृत्तात 'चिकटवली' असं मी लिहिलं होतं. हे बैठकीत का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी सांगून सुटायचं नव्हतं. तुम्ही बघायचं होतं."

पुढच्या बैठकीत मी दंड रद्द करा म्हणालो. पाचशेच तर आहेत, असू द्या, असं उत्तर मिळालं. मी माझ्या खिशातून भरतो म्हटलं, तर बाई भडकल्या. "नक्को. तुम्ही भरलात तर मी चिकटवलं असं होतं." रक्कम येणे म्हणून तशीच राहिली. कोलम चालू राहिलं.

फेब्रुवारीत त्या गेल्या. मुलगा हैदराबादहून आला, घर रिकामं केलं. त्याला संघाकडून 'येणे बाकी नाही' असं पत्र हवं होतं. पाचशे ऐकून त्यानं लगेच पाकीट काढलं. मी ते आत ठेवायला लावलं आणि एक दिवस थांब म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बायकोनं त्याच्याकडून घेतलेली चौदाही चित्रं दोऱ्यानं कठड्याला होती तशी टांगली. मग अध्यक्षांना आणि सचिवांना बोलावून सांगितलं, आज लिफ्ट नाही. अध्यक्षांचे गुडघे दुखतात. ते पायरी पायरीनं चढले. बसच्या चित्रापाशी थांबले. कागदामागे बोट घातलं, कागद हलला. मग फोन काढून कोपऱ्यावर धरला. जिनाभर कंडक्टरची शिट्टी वाजली. गाणं संपेपर्यंत ते कठडा धरून उभे होते. वर आल्यावर त्यांनी इतिवृत्तातल्या, दंड रद्द केल्याच्या ओळीखाली सही केली.

चित्रं जिन्यातच आहेत. अखेर चुकते केले ते असे: संघाला काही नाही; पाचशे रुपये माझ्याकडून, एन्नूरच्या त्या मुलीला.