भोंगामामांचं सरळ बोलणं

भोंगामामांना बारशाला बोलवावं की नाही, यावर आमच्या शुक्रवार पेठेत घरोघरी खल व्हायचा. मामा पाळण्यात डोकावायचे आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "नाक बापावर गेलंय की! बिचारं!" मग निवांत घुगऱ्या खात बसायचे. तिकडे बाप गुपचूप नाक चाचपून बघायचा.

आमच्या शेजारचे हे मामा तेलुगू घरातले. उभा जन्म चादरींच्या यंत्रमागावर गेलेला. त्या खडखडाटात 'जरा', 'बहुतेक', 'गैरसमज नसावा' असले शब्द कुणाला ऐकूच जात नाहीत. "धागा तुटला!" एवढंच ओरडायचं असतं. मामांचं मराठी तिथंच घडलं. हळू बोलायला त्यांच्याकडे तेलुगू होती, पण ती फक्त मामींसाठी राखीव.

मी गाव सोडून पुण्यात नोकरीला लागले. माणसं कामावर घ्यायची आणि काढायची, हे माझं काम. एकदा सुट्टीत घरी आले तेव्हा मी मामांना ऐटीत समजावलं, वाईट बातमी देण्याआधी माणसाचं कौतुक करायचं असतं.

"मग त्याला कळतंय कसं?"

"कळतं हळूहळू."

"म्हंजे घरी जाऊन रडतंय की ते!"

मला राग आला, कारण ते खरं होतं.

मागच्या वर्षी मामांच्या पोटात गाठ निघाली. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पुण्याहून आलेल्या मलाच आत बोलावलं. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. मामी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. बाकावर मामांशेजारी बसून मी सुरुवात केली, "मामा, तुमची तब्येत मुळात किती काटक! या वयात असा माणूस..."

"कौतुक करायलीस?" मामा गरजले. "म्हंजे काढलं का मला? किती दिवस ऱ्हायलेत?"

सगळा दवाखाना वळून बघायला लागला. मला एकदम हसू आणि रडू फुटलं. "काही महिने," मी म्हणाले.

"हां. असं बोल की."

तेवढ्यात मामी आल्या. त्यांनी तेलुगूत काहीतरी विचारलं. मामांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि हलक्या आवाजात कितीतरी वेळ बोलत राहिले. मला तेलुगूतलं ओ की ठो कळत नाही. पण मामी हसल्या, पदर सावरून घरी निघाल्या. त्यांच्यामागून जाताना मामांनी मला दटावलं, "तिला काय सांगू नकोस."

मी नाही सांगितलं. मामा गेल्यावर मात्र राहवेना. मामींपुढे सगळं ओकून टाकलं, माफी मागितली.

मामींनी माझे डोळे पुसले. "खाली औषधाच्या दुकानात ऐकू आलं होतं की मला," त्या म्हणाल्या. "पण मी वर आले तर हे इतकं गोड खोटं बोलायलेत. मधी कशाला बोलू?"