वजा धरायचे दिवस

श्री. वामनराव सावळापूरकर वकील यांची आणि माझी पहिली भेट त्यांनी मला झापल्यामुळे झाली. यवतमाळच्या कोर्टाच्या बातम्या मी तेव्हा नुकताच एका साप्ताहिकाला पाठवू लागलो होतो. 'आरोपीचे अपील फेटाळले' अशी एका ओळीची बातमी छापून आली आणि दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात वामनरावांनी मला गाठले.

"वार्ताहर तुम्हीच ना? फेटाळलं ते वाचून की न वाचता?"

मला त्यातला फरक ठाऊक नव्हता. वामनरावांनी तो तासभर उभ्याने समजावला. मुदत उलटली, निकालाची नक्कल जोडली नाही, वकीलपत्रावर सही नाही. एवढ्यावरून अपील बाहेर काढता येते. माणूस दोषी की निर्दोष, हा प्रश्न उघडतसुद्धा नाही. मी संस्कृत पाठशाळेत वाढलेला. पूर्वपक्ष पुरता ऐकल्यावाचून उत्तरपक्ष मांडायचा नाही, हे आम्हांला पहिल्याच वर्षी घोकवलेले. इथे पूर्वपक्षाला उंबऱ्यावरच चप्पल कुठे काढली म्हणून विचारत होते! माझे डोके तेव्हा जे तापले, ते आज वामनरावांच्या साठीपर्यंत पुरते निवलेले नाही.

या तापात त्यांचाही वाटा आहे, हे गौरवग्रंथातसुद्धा लपवू नये. वामनरावांबरोबर प्रवास करणे म्हणजे शिक्षाच. राळेगावच्या स्टँडवर त्यांनी पिशवीतले कागद तीनदा मोजले आणि तीनदा मोजेपर्यंत दोन एस.टी. गाड्या आमच्या डोळ्यांदेखत सुटल्या. पक्षकार दारात आला की पाण्याच्या आधी प्रश्न, "नक्कल आणली?" आणि नक्कल हाती आली की ती आधी उलटी करून पाहायची. मी या सवयीची पुष्कळ थट्टा केली. ती थट्टा कशी बंद झाली, ते सांगतो.

मारेगावकडचे किसन आणि काशीबाई हे मजुरी करणारे जोडपे. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि पुढच्याच उन्हाळ्यात गावच्या विहिरीवरून मारामारी झाली. मार किसनने खाल्ला आणि तीन महिन्यांची सजाही किसनलाच झाली. एका अर्जनविसाकडून त्यांनी अपील लिहवून दाखल केले. किसन जामिनावर होते. सुनावणीच्या सकाळी काशीबाई रडत वामनरावांकडे आल्या. कारकुनाने शेरा मारला होता: तीस दिवसांची मुदत, अपील एकेचाळिसाव्या दिवशी, सबब फेटाळण्यास पात्र.

आता, नक्कल मिळायला जितके दिवस लागतात तितके मुदतीतून वजा धरायचे, असा कायदा आहे. ते दिवस नकलेच्या मागच्या बाजूला नोंदलेले असतात. वामनरावांनी कोर्टात नक्कल मागून घेतली, सवयीने उलटी केली, तर मागे नुसता पुठ्ठा!

"बाई, हे काय केलं?"

"फाटन म्हून खळ लावून चिकटवला जी. सरकारी कागद हाय."

"अहो, मागं तारखा होत्या!"

"मांगचं कोन वाचते? निकाल त समोर हाय ना!"

याहून शहाणे वाक्य त्या दिवशी कोर्टात कोणी बोलले नाही. पण कोर्टाला समोरचे नको होते, मागचेच हवे होते. न्यायाधीशांनी जेवणाच्या सुटीपर्यंत अवधी दिला. मात्र कागद कारकुनाच्या नजरेआड होता कामा नये. मग काळ्या कोटातले वामनराव, मागे कारकून, त्यामागे चपराशी, किसन, काशीबाई आणि मी, अशी आमची वरात फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेली. वामनरावांनी पुठ्ठा उकळत्या किटलीच्या वाफेवर धरला.

"वकीलसाहेब, मी चहा करू का कागदं उकडू? गिऱ्हाइक पाहून राह्यलं!"

"आधी कागद, बाप्पा. चहाला मुदत नाही."

"अन् फाटला त?" किसनने हळूच विचारले.

"त मग तीन महिने," कारकून म्हणाला. काशीबाईंनी डोळे मिटून घेतले.

वामनराव नखाने कोपरा सोडवत होते. एरवी त्या हाताला विड्याचे पानसुद्धा धड लावता येत नाही. अर्ध्या तासाने कागद सुटला. खळीने शाई फिकटलेली, पण तारखा वाचता येत होत्या. नकलेचा अर्ज ते नक्कल, तेरा दिवस; एकेचाळिसातून वजा जाता अठ्ठावीस. अपील मुदतीत होते!

पुढे न्यायाधीशांनी कागदाची समोरची बाजू वाचली. मारताना किसनला पाहिले नाही, असे फिर्यादीचाच साक्षीदार बोलून गेला होता. कागद सुटायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात माणूस सुटला.

परतताना मी चिडून म्हणालो, "ही मुदत मोडीत का काढत नाहीत?"

"मुदत नसती तर आज सुटलेल्या किसनच्या डोक्यावर सरकारचं अपील जन्मभर टांगतं राहिलं असतं," वामनराव म्हणाले. "दार असावं. दारात कोणीतरी उभंही असावं."

ते स्वतः त्या दारात उभे राहिले. दूरच्या गावचा पक्षकार खेपा कशा घालील, म्हणून नकलेच्या खिडकीशी त्याच्या वतीने वामनरावच ताटकळत. त्या खिडकीवर त्यांचा कोट झिजला आहे, आमचा संयमही झिजला आहे.

परवा काशीबाई भेटल्या. "साहेबाले सांगा," त्या म्हणाल्या, "सुटल्याचा कागद मोकळाच ठेवला हाय. दोनी बाजूनं वाचता येते."

निरोप पोचवला. आता माझा एक अर्ज. नकलेसाठी गेलेले दिवस वजा धरावेत, हा कायदा आम्हांला वामनरावांनीच शिकवला. तेव्हा दुसऱ्यांच्या नकलांसाठी त्या खिडकीशी गेलेले त्यांचे सगळे दिवस त्यांच्या वयातून वजा धरावेत. माझ्या हिशेबाने त्यांची साठी अजून बरीच लांब आहे. हा समारंभ आपण मुदतीआधीच केला. तो खऱ्या तारखेला पुन्हा करण्यासाठी वामनरावांनी ठणठणीत प्रकृतीने, जातीने हजर राहावे.